उघडणं खोटं, पुसणं खरं

उभ्या नोकरीत हेडसाहेबांच्या हातून एक फाइल हरवली नाही. हे वाक्य त्यांच्या निरोपसमारंभात मोठ्या साहेबांनी म्हटलं, शिपायाने म्हटलं, आणि तरी कुणाच्या ऐकण्यातून राहिलं असेल म्हणून आभार मानताना त्यांनी स्वतःही म्हटलं. फाइल उशिरा निघाली असेल, कपाटामागे पडून राहिली असेल, एकदा एका फाइलीत उंदराने बाळंतपणही उरकलं होतं, पण हरवली? नाव नको. हेडक्लार्कची खुर्ची सुटून कितीतरी वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना हेडसाहेबच म्हणायची. आणि अशा माणसाच्या हातून त्याच्या बायकोच्या सगळ्या फायली एका दुपारी, चहा निवायच्या आत नाहीशा झाल्या. दैवाला चेष्टा करायला माणूसही नेमका सापडतो बघा.

त्यांची बायको म्हणजे इमारतीच्या वहिनी. वहिनी दुसऱ्या एका ऑफिसात टायपिस्ट होत्या. अशा की साहेबाचं वाक्य संपायच्या आधी त्यांचा पूर्णविराम पडलेला असायचा. त्या वहिनींना विसरण्याचा आजार झाला. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग शेजारीपाजारी गेले. कधीकधी हेडसाहेबही जायचे. "अहो" अशी हाक यायची, ते लगबगीने उठून जायचे, आणि मग कळायचं की ती हाक नवऱ्याला नव्हती, दारात उभ्या असलेल्या कुणा भल्या गृहस्थाला होती. ते भले गृहस्थ तेच. पण बोटं मात्र काही विसरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "त्यांना रोज कॉम्प्युटरपुढे बसवा. आठवेल ते टाइप करू द्या. जेवढं राहील तेवढं राहील."

तेव्हापासून रोज दुपारच्या चहानंतर वहिनी ताठ बसून खडखड टाइप करायच्या. झालं की फाइल ठेवून द्यायच्या. नाव काय द्यायचं ते सुचायचं नाही, म्हणून "अअअ", "नवीन", "नवीन परत", "नवीन परत खरी" असली नावं. एकच आठवण चार दिवस आली तर चार फायली. फोल्डर असं भरलं की हेडसाहेबांना आपलं जुनं रेकॉर्डरूम आठवलं आणि उगाच शिंक आली.

त्यातली एकही फाइल हेडसाहेबांनी उघडून वाचली नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या नावची फाइल परवानगीशिवाय आपण उघडत नाही." हे झालं सांगायचं कारण. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना भीती वाटायची. बायको रोज इतकं लिहितेय, आणि त्यात आपण कुठेच नसलो तर? सगळा संसार लिहून झालाय, भांडीकुंडी आलीत, माहेरची बहीण आलीय, ऑफिसातली मैत्रीण आलीय, आणि नवऱ्याच्या जागी कोरी ओळ. ते बघायची त्यांची छाती नव्हती.

लेक दूरच्या शहरात प्रोग्रॅमिंगच्याच नोकरीत होती. फोनवर म्हणाली, "बाबा, मी सुट्टी घेऊन येतेय. आईचं लिहिलेलं आपण तिघं बसून वाचू. तोवर त्याच त्याच फायली काढून एकेक प्रत ठेवायला हवी. मी इथून छोटा प्रोग्रॅम लिहून पाठवते."

"काही गरज नाही," हेडसाहेब म्हणाले. "फायली लावणं हे माझं काम आहे. तू फक्त कसं लिहायचं ते सांग."

म्हणजे झालं. वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं गुडघ्यांशी बोलतात, त्या टप्प्यावर हेडसाहेब पायथन नावाची प्रोग्रॅमची भाषा शिकायला बसले. इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे बँकवाले, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि सल्ला देण्यातून अजून न झालेले गृहस्थ, लगेच खाली आले.

"कशाला डोक्याला ताप? सगळ्या फायली छापून काढा. जमिनीवर पसरा. सारख्या दिसतील त्या फाडा."

"आणि वाचणार कोण?"

"तुम्ही."

हेडसाहेबांनी विषय बदलला.

पायथनचं आणि हेडसाहेबांचं सुरुवातीला चांगलं जमलं. ती भाषा समासाच्या बाबतीत कडक आहे. ओळ जरा आत-बाहेर झाली की अर्ज परत. हेडसाहेबांना वाटलं, चला, कुणीतरी शिस्तीचं भेटलं. त्यांनी प्रोग्रॅम लिहिला तोही ऑफिसच्या पद्धतीने: फोल्डरमधल्या नावांची यादी घ्या, एकेक फाइल उघडा, मजकूर वाचा, तोच मजकूर आधी येऊन गेला असेल तर ती फाइल पुसून टाका. लेकीने तो मागवून बघितला आणि ती खूश झाली. पण म्हणाली, "बाबा, लगेच आईच्या फायलींवर चालवू नका हं. आधी टेस्ट लिहा. आणि टेस्टमध्ये खऱ्या फायली वापरायच्या नाहीत, खोट्या वापरायच्या."

इथे घोडं अडलं.

"खोट्या फायली?" हेडसाहेबांचा आवाज चढला. "अगं, खोटी फाइल केली म्हणून आमच्या ऑफिसात एकाची नोकरी गेली! मी स्वतः चौकशीला बसलो होतो!"

"तसं नाही हो बाबा. रंगीत तालमीसारखं असतं ते. प्रोग्रॅमला वाटतं फाइल उघडली, पण उघडत काहीच नाही. आपण जो मजकूर देऊ तोच त्याच्या हातात पडतो. खऱ्या फाइलीला धक्का लागत नाही."

"म्हणजे बिचाऱ्या प्रोग्रॅमला फसवायचं."

"त्याच्याच भल्यासाठी."

हेडसाहेबांनी बराच विचार केला. शेवटी "खोटी" हा शब्द काढून "नमुना" घातला, तेव्हा कुठे त्यांची सदसद्विवेकबुद्धी खाली बसली. लेकीने फोन ठेवता ठेवता विचारलं, "सगळ्या फायलींची एक कॉपी काढून ठेवलीय ना?" त्यावर ते नुसते हसले. मनात म्हणाले, उभ्या नोकरीत आपल्या हातून एक फाइल हरवली नाही. कॉपी काढतात ती हरवणारी माणसं.

आता नमुना फाइलीत लिहायचं काय? लेक म्हणाली होती, काहीही लिहा, अबक लिहा. पण अबक लिहायला हेडसाहेबांचा हात होईना. नमुना हा नमुन्यासारखा हवा. बायकोने लिहिला असता तसा. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि मग दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत त्यांनी टाइप केलं:

"आमच्या पहिल्या खोलीची खिडकी रात्रभर वाऱ्याने आपटायची. ह्यांनी एका कागदाची पक्की घडी घालून फटीत बसवली. त्यानंतर ती खिडकी कधी वाजली नाही."

लिहून झाल्यावर त्यांनी ते तीनदा वाचलं. खिडकीची हकिगत खरी होती. त्यांच्या संसारातला तो एकमेव यशस्वी दुरुस्तीचा प्रयोग. नळ त्यांनी सोडवला तो प्लंबर येईपर्यंत वाहत राहिला, पंखा पुसला तो त्यानंतर कधी फिरला नाही, पण खिडकी थांबवली ती त्यांनीच. बायकोला दुसरं काही नाही तर निदान हे आठवत असेल, असं त्यांना वाटलं. नव्हे, आठवत असू दे, असं वाटलं.

मग टेस्ट. उघडण्याच्या सोंगाची सोय त्यांनी लेकीने सांगितली तशी बरोब्बर केली. फोल्डर कुठला द्यायचा? फायली नमुन्याच्या असल्या तरी कपाट खरंच हवं, बिनकपाटाची फाइल हा प्रकार त्यांना झेपणारा नव्हता. म्हणून त्यांनी वहिनींच्याच फोल्डरचा पत्ता दिला. आणि पुसण्याचं काय? पुसण्याचं सोंग करायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. का, ते ऐका. सगळी मेख इथे आहे. त्यांच्या ऑफिसात कागद नष्ट करायचा तर आधी फाइल उघडायची, मग टिपणी, मग शेरा, मग सही, आणि मग वर्षानुवर्षं काहीच नाही. न उघडलेली फाइल नष्ट झाली असं पृथ्वीच्या पाठीवर कधी घडलेलं नव्हतं. न उघडलेली फाइल अमर असते, यावर तर सगळं सरकार चालतं! खरी फाइल आपण उघडतच नाही ना? मग ती पुसली जाईलच कशी?

टेस्टमध्ये अट घातली: सारख्या मजकुराच्या फायलींतली एकच उरली पाहिजे. आणि बटण दाबलं.

हिरवं आलं. पास.

हेडसाहेब खुर्चीतून उठले. शाळा सुटल्यानंतर कुणी त्यांना पास म्हटलं नव्हतं. त्यांनी जिन्यातून हाक मारून बँकवाल्यांना बोलावलं. बँकवाले चष्मा लावून हिरव्या अक्षराकडे वाकले आणि म्हणाले, "झकास! म्हणजे आता फायली सुरक्षित?"

"एकदम सुरक्षित. दाखवतो."

आणि हेडसाहेबांनी फोल्डर उघडून दाखवलं. आत एक फाइल होती. "अअअ".

त्यांना वाटलं, फोल्डर चुकला. बंद करून परत उघडला. मग कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. मग चष्मा पुसला. बँकवाले म्हणाले, "कचऱ्याच्या डब्यात बघा." डबा रिकामा. प्रोग्रॅमने पुसलेलं डब्यात जात नाही, सरळ जातं, हे नंतर कळलं. आत वहिनी पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या.

ती उरलेली फाइल हेडसाहेबांनी उघडली. बायकोची पहिलीच फाइल त्यांनी उघडली ती ही अशी. आत एकच ओळ होती.

"आज काही आठवत नाही. उद्या लिहिते."

इथे शहाण्या माणसाने हात जोडून गप्प बसायचं असतं. पण शेजारी बँकवाले होते. "वेळ घालवू नका! गेलेल्या फायली परत आणायचे प्रोग्रॅम मिळतात. उतरवा ताबडतोब!" बँकवाल्यांच्या पुतण्याने सांगितलेला एक उतरवला. तो चालेना म्हणून दुसरा. दुसऱ्याला तिसरा लागत होता. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. प्रत्येक नवा प्रोग्रॅम येऊन त्याच जागेवर बूड टेकवत होता जिथे वहिनींच्या फायली शेवटचा श्वास घेत होत्या.

संध्याकाळी लेकीला फोन केला. हेडसाहेबांनी घडलं ते क्रमवार सांगितलं, चौकशी समितीपुढे सांगावं तसं. लेकीने टेस्ट मागवून वाचली.

"बाबा, तुम्ही उघडणं खोटं केलंत, पण पुसणं खरंच राहिलं. आणि खोटं उघडताना प्रत्येक फाइलीच्या जागी तुमचा तो एकच मजकूर गेला. खिडकीचा. प्रोग्रॅमला वाटलं सगळ्या फायली एकसारख्या. पहिली ठेवली आणि बाकीच्या..."

"पण मी एकही उघडली नव्हती गं."

"नाटकात तलवारी लाकडाच्या असतात ना बाबा? तुम्ही ढाल लाकडाची केलीत आणि तलवार खरी ठेवलीत." आणि मग तिचा आवाज फुटला. "कॉपी आहे ना? कॉपी आहे म्हणा ना."

हेडसाहेबांना तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "चूक माझी आहे. मी टेस्ट बघायला हवी होती," असं म्हणून रडत राहिली आणि हे इकडे फोन धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटर पिशवीत घालून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. काउंटरमागच्या माणसाने ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"फायली कुणाच्या?"

"बायकोच्या."

"मग सही त्यांची लागेल. उद्या कुणी म्हणालं, माझ्या खासगी फायली परस्पर काढून दिल्या, तर आम्ही निस्तरायचं. सही आणि ओळखपत्र."

हेडसाहेबांनी फॉर्म घरी आणला. वहिनींना पेन दिलं. वहिनींनी सराईतपणे, मान तिरकी करून, सुरेख सही केली. माहेरच्या नावाची. हेडसाहेब त्या सहीकडे बघत राहिले. म्हणजे या क्षणी यांचं लग्नच झालेलं नव्हतं. "इथे नाव चुकलं गं," असं त्यांनी अगदी हळू म्हणून बघितलं. वहिनी तोऱ्यात म्हणाल्या, "माझं नाव मला ठाऊक नाही होय?"

फॉर्म परत गेला. दुरुस्तीवाल्याने ओळखपत्र बघितलं, सही बघितली. "नाव जुळत नाही हो काका. दोन्ही व्यक्ती एकच आहेत असं काहीतरी लिहून आणा."

हेच वाक्य हेडसाहेबांनी जन्मभर काउंटरच्या त्या बाजूने उच्चारलं होतं. याच सुरात, याच शांतपणे, वर न बघता. किती माणसं ते ऐकून पिशवी उचलून जिना उतरली असतील! आज पहिल्यांदा त्यांना कळलं की हे वाक्य ऐकल्यावर माणसाला तिथेच खाली बसावंसं वाटतं. ते बसले नाहीत. म्हणाले, "एकच आहेत हो. कधीकधी त्यांना स्वतःलाच पटत नाही, एवढंच." दुरुस्तीवाल्याने तेव्हा वर बघितलं. फॉर्म बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटर घेतला.

दोन-तीन दिवसांनी बोलावणं आलं. "काका, पुसल्यावर लगेच आणला असतात तर काही करता आलं असतं. वर इतकं काय काय उतरवलंय की खालचं काही शिल्लक नाही. पैसे नकोत." हेडसाहेबांनी कॉम्प्युटर उचलला. रस्त्यात बँकवाले भेटले, म्हणाले, "मी सांगत होतो, छापून घ्या." हेडसाहेबांना त्यांचा गळा धरावासा वाटला, पण दोन्ही हातांत कॉम्प्युटर होता.

घरी आल्यावर त्यांनी तो जागेवर लावला. दुपारचा चहा झाला. वहिनी नेहमीसारख्या येऊन ताठ बसल्या. बोटं कळांवर ठेवली, आणि थांबल्या.

"अहो, माझं काम कुठंय? कालपर्यंतचं?"

काय सांगणार? मी पुसलं? तुझं जेवढं उरलं होतं तेवढं मी, मी हेडक्लार्क, एका बटणाने पुसलं? "अअअ"मधली ती ओळ सोडली तर कॉम्प्युटरमध्ये वहिनींचं म्हणण्यासारखं आता एकच काही होतं, आणि तेही त्यांचं नव्हतं. त्यांनी नाइलाजाने टेस्टमधला तो नमुना मजकूर मोठ्या अक्षरांत पडद्यावर आणला. बायकोलाही नमुनाच दाखवायची वेळ आली, या विचाराने त्यांची मान वर होईना.

वहिनींनी ओळीखाली बोट धरून वाचलं. कपाळाला आठी पडली.

"हे कुणी टाइप केलंय? शब्दांमध्ये दोन-दोन जागा सोडल्यात. दोन बोटांचं काम दिसतंय."

"नवीन माणूस आहे," हेडसाहेब म्हणाले.

"आणि मजकूर पण चुकलाय."

"चुकला?" हेडसाहेब दुखावले. सगळं गेलं होतं तरी खिडकीचा मान शाबूत होता. "चुकेल कसा? कागदाची घडी घालून फटीत बसवली..."

"बसवली हो. पण कागदाने कुठली थांबतेय ती खिडकी! हे झोपले की कागद पडायचा खाली आणि परत धाड धाड." वहिनी हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. "मग मी केसांची रिबन सोडायची आणि कडीला बांधायची. पक्की गाठ. हे उठायच्या आत सोडून घ्यायची. आणि तो कागद उचलून परत फटीत होता तस्सा लावून ठेवायची."

हेडसाहेब स्टुलावर बसले. तेव्हा त्यांनी रोज कुरकुर केली होती, मोकळे केस घेऊन झोपतेस, माझ्या तोंडात जातात म्हणून. एकदा त्यावरून दिवसभर अबोला धरला होता.

"रोज?" त्यांनी विचारलं. "रोज कागद परत लावायचात?"

"मग! ती खोली सोडेपर्यंत." वहिनींनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आमच्या ह्यांना सांगू नका हं. ऑफिसात साहेब फार बोलायचा त्यांना तेव्हा. पडलेल्या तोंडाने घरी यायचे. मग त्या खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, बघ, वाजते का? तेवढंच होतं बिचाऱ्यांना."

"नाही सांगत," हेडसाहेब म्हणाले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, त्यांनी बाहीनेच काम भागवलं.

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही त्यांच्याच ऑफिसातले का?"

"हो."

"मग ओळखत असाल त्यांना."

"थोडंफार."

"चांगले आहेत हो," वहिनी म्हणाल्या. "फक्त खिडकीतलं त्यांना काही कळत नाही." आणि पडद्यावरचा नमुना मजकूर पुसून त्यांनी बोटं कळांवर ठेवली. "सांगा त्या नव्या माणसाला, असं असतं. बघा."

आणि खडखड, एकही चूक न करता, त्यांनी ते पहिल्यापासून टाइप केलं.